डिसेंबरची हजेरी

अमळनेर
९ डिसेंबर २०२४

चि. ममता हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्राने विचारलंस ते बरं केलंस. फोनवर मला आता नीट ऐकू येत नाही आणि तुला फोन लावायचा तर टेकडी चढावी लागते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. अंगणवाडीच्या पटावर तेहेतीस मुलं आहेत, त्यांतली चोवीस आईबापांबरोबर ऊसतोडीला बारडोलीकडे गेली आहेत आणि नऊ हजर आहेत. तेव्हा डिसेंबरच्या अहवालात नऊ लिहायचे. तुझ्या सुपरवायझरबाई म्हणतात, तीस लिही, नाहीतर पुढच्या वर्षाचा आहार कमी होईल. त्यांना म्हणू देत. त्या जागेवर मी एकतीस वर्षं काढली आहेत. २००९च्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी मी फळ्यावर काय लिहिलं होतं ते आठव. डोळ्यांना दिसेल तेवढंच मूल मोजायचं. एका केंद्रात कागदावर चाळीस मुलं होती आणि खोलीत एक शेळी व तिची दोन करडं. ते केंद्र मी त्याच दिवशी बंद करायला लावलं. खोट्या आकड्याने खऱ्या मुलाच्या तोंडचं जातं.

असले प्रश्न पुन्हा विचारू नकोस. थंडीत मुलांना उन्हात बसव.

हेमलता बोरसे


सागपाडा
२ जानेवारी २०२५

ती. बाईंना ममताचा नमस्कार.

नऊ लिहिले. तालुक्याच्या मासिक सभेत साहेबांनी मला उभं केलं आणि म्हणाले, सगळ्या सातपुड्यात एकच बाई खरं लिहिते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुपरवायझरबाईंनी वाजवल्या नाहीत. परत येताना जीपमध्ये म्हणाल्या, "ममता, टाळ्या घरी ने आणि शिजव."

पाडा रिकामा आहे. माझ्या शेजारचे खाज्या आणि बुधीबाई पण गेले. त्यांची रायकी दोन वर्षांची आहे. दिवाळीत तिचं वजन आठ किलो चारशे भरलं, म्हणजे अजून कमीच. ट्रक निघाला तेव्हा तिने माझ्या लुगड्याचा पदर धरला होता, बुधीबाईने बोटं एकेक करून सोडवली. नऊ लिहिताना मला वाटलं, ही असती तर दहा झाले असते. असा विचार करणं बरोबर नाही, मला माहीत आहे.

आपली,
ममता पावरा


अमळनेर
१४ जानेवारी २०२५

चि. ममता,

टाळ्यांसाठी लिहिलं नव्हतंस, तेव्हा टाळ्यांचं काही सांगू नये. असती तर, नसती तर हे अंगणवाडी सेविकेचं काम नाही. आहेत त्यांना बघ.

एस्टीच्या कंडक्टरबरोबर तीळगूळ पाठवते आहे. नऊ जणांना पुरेल.

हेमलता बोरसे


सागपाडा
१८ एप्रिल २०२५

ती. बाईंना नमस्कार.

तुम्ही म्हणाला होतात, प्रश्न विचारू नकोस. तरी विचारते.

होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला सगळे परत आले. होळी झाली आणि यंदा ऊस लवकर संपला म्हणून कोणी पुन्हा गेलं नाही. आता तेहेतीसच्या तेहेतीस मुलं रोज येतात. एक तारखेपासून नवीन वर्षाचा आहार सुरू झाला. अंडी नऊ आली. मी म्हटलं, चुकून आली असतील. सुपरवायझरबाई म्हणाल्या, चुकून नाही, वर्षाचं बजेट डिसेंबरच्या हजेरीवर झालं आहे, मार्चपर्यंत नऊच येणार. आणि आणखी एक. दहापेक्षा कमी मुलांची केंद्रं मोठ्या गावाच्या केंद्राला जोडणार आहेत. आमचं नाव त्या यादीत आहे. मोठं गाव चार किलोमीटर, मध्ये नाला. पावसाळ्यात आमचे पुरुष पण तो नाला ओलांडत नाहीत.

मी उकडलेलं अंडं शिवणाच्या दोऱ्याने कापते. सुरीने पिवळं सांडतं, दोऱ्याने सांडत नाही. एका अंड्याचे चार तुकडे, नवांचे छत्तीस. प्रत्येकाला एक. ज्याच्या तुकड्यात पांढरंच जास्त येतं तो रडतो.

रायकी परत आली ती सात किलो नऊशे. तिला उभं राहायला सांगितलं तर ती माझा गुडघा धरते.

बाई, मी नऊ खरे लिहिले होते ना? मग तेहेतीस पण खरे आहेत. एवढंच मला समजत नाही.

ममता


अमळनेर
२६ एप्रिल २०२५

ममता,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कुठेतरी तुझीच चूक झाली आहे. कामासाठी बाहेरगावी गेलेल्या मुलांची वेगळी यादी द्यायची असते. ती दिली असतीस तर वरच्यांना कळलं असतं की चोवीस मुलं परत येणार आहेत. ती दिलीस का? दिली नसशील तर आळस केलास आणि त्याचं खापर बजेटवर फोडते आहेस.

दुसरं. नऊ अंड्यांचे तुकडे छत्तीस. मुलं तेहेतीस. उरलेले तीन तुकडे रोज कोण खातं? मला हे विचारायला बरं वाटत नाही, पण विचारणं भाग आहे.

माझा चुलतभाऊ हितेंद्र धुळ्याला सरकारी कचेरीत आहे. त्याला विचारीन.

हेमलता बोरसे


सागपाडा
९ मे २०२५

ती. बाईंना नमस्कार.

उरलेले तीन तुकडे रायकी खाते. तिचा एक आणि हे तीन, असं तिला एक पूर्ण अंडं होतं. बाकीच्या मुलांसमोर देत नाही, सगळी गेल्यावर चुलीमागे बसवून देते. सगळ्यांना सारखं द्यायचा नियम आहे, म्हणून तुम्हाला लिहिलं नव्हतं. आता लिहिलं.

यादीचं सांगते. प्रशिक्षणातली वही माझ्याकडे अजून आहे, दुसऱ्या पानावर तुम्ही सांगितलेलं आहे ते उतरवते. "बाहेर गेलेल्या मुलांची यादी करू नये. न दिसणाऱ्या मुलांची यादी केली की चोरी तिथूनच सुरू होते." खाली दोन रेघा आहेत. रेघा तुम्ही मारायला लावल्या होत्या. सोळा वर्षं मी यादी केली नाही. इतर सेविका करतात. त्यांच्याकडे अंडी पुरतात.

उद्या रायकीला दवाखान्यात बालउपचार केंद्रात नेते आहे, चौदा दिवस ठेवून घेतात. बुधीबाई बरोबर येते आहे. तिला एस्टीत बसायची सवय नाही, ट्रकची आहे.

ममता


अमळनेर
२० जून २०२५

चि. ममता हिस आशीर्वाद.

सहा आठवडे तुला लिहिलं नाही. लिहिण्यासारखं हाताशी काही नव्हतं. रायकीचं वजन कळव.

वहीतलं बरोबर आहे. ते मीच सांगितलं होतं. त्या शेळीच्या केंद्रात पण अशीच एक यादी होती, सुवाच्य अक्षरातली, एकही मूल जन्माला न आलेलं. म्हणून सांगितलं होतं. हे समर्थन नाही, काय झालं होतं ते लिहिते आहे.

मी तीनदा धुळ्याला जाऊन आले. अमळनेरहून सकाळची एस्टी, संध्याकाळी परत. शोधायचं एवढंच होतं की तुमची अंडी कोणी कमी केली. तालुक्याला विचारलं तर म्हणाले, जिल्ह्याने. जिल्ह्याला विचारलं तर म्हणाले, मुंबईने. तिथे फोन लावायला लावला तर पलीकडून उत्तर आलं, तालुक्याने मागितलं तेवढं दिलं. एका टेबलावर मला चहा दिला. चहा दिला की काम होत नाही हे मला नोकरीपासून माहीत आहे.

शेवटी हितेंद्रला धरलं. म्हटलं, तूच सांग.

"अक्का, पैसे कोणीच कमी केले नाहीत. मागणी कमी आली."

"मागणी कोणी कमी केली?"

"हजेरी कमी होती ना."

"ती डिसेंबरची होती. डिसेंबरमध्ये तो पाडा ओस असतो हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे."

"पोराला ठाऊक असेल, फाइलला नाही. फाइलमध्ये नऊ आहेत आणि नऊ खरे आहेत. बठ्ठं बरोबर शे अक्का, सगळं बरोबर आहे, म्हणून तर काही करता येत नाही. कुठे चुकलं असतं तर दुरुस्त करून दिलं असतं."

मी म्हटलं, म्हणजे तिने खोटं लिहायला हवं होतं? तो हसला. म्हणाला, "असं मी कुठे म्हटलं? पण तिला नऊ लिही म्हणून कोणी सांगितलं? हल्ली असं कोण सांगतं?"

सांगणारी मीच होते. हे त्याला नाही, तुला सांगते आहे.

तिथे एक नवीन अधिकारी बाई आहेत, तिशीच्या, ऐकून घेणाऱ्या. त्यांनी एवढं कबूल केलं की यंदा तुमचं केंद्र बंद होणार नाही. डिसेंबरमध्ये पुन्हा हजेरी बघतील. दहा मुलं प्रत्यक्ष हजर असली तर केंद्र राहील, आणि केंद्र राहिलं तर पुढच्या वर्षाची मागणी जूनच्या हजेरीवर करता येईल, म्हणजे तेहेतीसच्या तेहेतीस. नऊ असली तर त्यांच्या हातात काही नाही. गेलेल्यांची यादी आता चालत नाही, मुलाचा फोटो काढावा लागतो.

तेव्हा काम सोपं आहे. डिसेंबरात तुझ्याकडे नऊ राहतात, दहा हवीत. एक मूल मिळव. पाच महिने आहेत.

हेमलता बोरसे


सागपाडा
१० नोव्हेंबर २०२५

ती. बाईंना नमस्कार.

तुमचं पत्र पेरणीच्या दिवसांत मिळालं. उत्तराला फार उशीर झाला, राग मानू नये. तुम्ही बसने पाठवलेला केळ्यांचा घड पण मिळाला होता. लहानांनी सालीसकट खाल्ली, कोणी दाखवलं नव्हतं.

रायकी दवाखान्यातून आली ती सुधारली. दिवाळीला नऊ किलो दोनशे झाली. आता धावते, आणि बोलते फार. माझ्या रजिस्टरवर बोट ठेवून विचारते, "इथं मी आहे?"

ट्रक परवा गेले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे एक मूल मिळालं. दहा मुलं हजर आहेत. रोज फोटो काढते. काळजी नसावी.

ममता


अमळनेर
१८ नोव्हेंबर २०२५

चि. ममता हिस आशीर्वाद.

पत्र वाचून समाधान वाटलं. मला वाटत होतंच की आजूबाजूच्या एखाद्या झोपडीतलं, नावच न नोंदलेलं मूल सापडेल. तुम्ही बायका पाड्याच्या पलीकडे जात नाही, गेलं की सापडतं. मूल कोणाचं, वय काय, वजन काय ते कळव. अधिकारी बाईंना मी पत्र टाकलं आहे की दहा पूर्ण झाले. अहवाल एकतीस डिसेंबरपर्यंत जायला हवा.

रायकीला बारडोलीला अंडं कोण देणार? बुधीबाईला समजावून दिलंस ना?

हेमलता बोरसे


सागपाडा
९ डिसेंबर २०२५

ती. बाईंना नमस्कार.

दहावं मूल रायकी आहे.

तुम्ही लिहिलंत, एक मूल मिळव. आमच्याकडे नवीन मूल कुठून मिळणार? आसपासचे पाडे मी सगळे पाहिले आहेत. तिथलं प्रत्येक मूल कुठल्या ना कुठल्या केंद्राच्या पटावर आहे. म्हणून दसऱ्याला पाड्यावर बैठक घेतली. मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. मग खाज्या म्हणाला, "बाई, सरकारला आमची एक पोर जामीन ठेवायची आहे, असं सांग ना सरळ. कोणाची ठेवायची तेवढं ठरवायचं." कोणी हसलं, मग कोणीच हसलं नाही.

दुसऱ्या बायका म्हणाल्या, अंगावर पिणारं ठेवता येत नाही, मोठं ठेवलं तर तिथे धाकट्यांना कोण सांभाळणार. रायकी मधली आहे आणि मला ओळखते. बुधीबाई म्हणाली, "तिथे उसात ती परत सुकेल. इथे अंडं खाईल. केंद्र राहिलं तर सगळ्यांची खातील." तिने स्वतः म्हटलं, मी तिच्याकडून वदवलं नाही. पण बैठकीत पत्र मीच वाचलं.

रायकी आता माझ्या घरी राहते. तिची आजी आहे, पण तिला दिसत नाही. वजन दहा किलो शंभर. तिचं वजन इतकं कधीच नव्हतं. मोबाईलवर तिच्या नावापुढचा कुपोषणाचा लाल ठिपका गेला, पिवळा आला. सुपरवायझरबाई बघून म्हणाल्या, "बघ, राहिली म्हणून सुधारली." मी हो म्हटलं.

ट्रक गेल्यापासून ती बोललेली नाही; मागच्या पत्रात फार बोलते असं लिहिलं, ते ट्रक जाण्याआधीचं. आधी वाटलं, सर्दी आहे. सर्दी गेली. सांगितलं तर उठते, सांगितलं तर खाते, फोटोला सरळ बघते. बाकीचा वेळ उंबऱ्यावर बसते, तिथून रस्ता दिसतो. रजिस्टरवर बोट ठेवत नाही. मीच एकदा तिचं बोट धरून तिच्या नावावर ठेवलं.

फॉर्ममध्ये वजनाची जागा आहे, उंचीची आहे, दंडाच्या घेराची आहे. तिन्ही बरोबर आहेत. हजेरी दहा, तीही बरोबर आहे. एकतीस तारीख जवळ आली. गेल्या वर्षी विचारलं होतं तेच विचारते, काय लिहू?

ममता


अमळनेर
१६ डिसेंबर २०२५

ममता,

गेल्या वर्षी तुला एका ओळीत उत्तर दिलं होतं. या वेळी तीन दिवस कागद समोर घेऊन बसले आहे.

दहा लिहिलंस तर खरं आहे. मूल डोळ्यांना दिसतं आहे, मी फळ्यावर लिहिलं होतं तसंच. रायकीला बुधीबाईकडे पोचवून नऊ लिहिलंस तर तेही खरं, पण मग तेहेतीस मुलांना नाला ओलांडायला लागेल, आणि रायकी त्यांतलीच एक. ती तिथे आईजवळ सुकेल, इथे आईवाचून वजन वाढवेल. मी अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झाले आहे, प्रताप महाविद्यालयातून, दुसऱ्या वर्गात. मला हे गणित सुटत नाही. हितेंद्रला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अक्का, बरोबर शे ना बठ्ठं." मी फोन ठेवला.

एक मूल मिळव, असं मी लिहिलं होतं. मला वाटलं होतं, मूल मिळवायचं म्हणजे शोधायचं. तू तसं वाचणार नाहीस हे मला कळायला हवं होतं. तुला माझी वाक्यं आज्ञेसारखी वाचायला मीच शिकवलं.

आता मी सांगते ते आज्ञा म्हणून करू नकोस, पण कर. रायकीला विचार. मोठ्या बाईला विचारतात तसं समोर बसवून विचार, की आईकडे जायचं का. एकतीस वर्षांत मी किती हजार मुलं वजनकाट्यावर बसवली त्याची नोंद आहे. त्यांतल्या एकालाही मी कधी काही विचारलं नाही. ती तीन वर्षांची आहे, तिला काय कळतं, असं हितेंद्र म्हणाला. असेलही. तरी विचार, आणि ती काय म्हणते ते मला लिही. तोपर्यंत फॉर्मला हात लावू नकोस.

मी शनिवारी, सत्तावीस तारखेला येते आहे. सकाळची एस्टी, अकरापर्यंत फाट्यावर. बारडोलीची गाडी तिथून किती वाजता असते ते विचारून ठेव. जायचंच असेल असं नाही. विचारून ठेव.

हेमलता


सागपाडा
२२ डिसेंबर २०२५

ती. बाईंना नमस्कार.

पत्र काल मिळालं. आज मुलं घरी गेल्यावर रायकीला समोर बसवलं आणि तुम्ही लिहिलं तसं विचारलं.

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग उठून आत गेली. मला वाटलं, पाणी प्यायला गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या पायात चपला होत्या, डावी उजव्यात आणि उजवी डाव्यात. येऊन परत उंबऱ्यावर बसली.

बारडोलीची गाडी दीड वाजता असते. हजेरीची जागा मी कोरी ठेवली आहे.

शनिवारी आम्ही दोघी फाट्यावर उभ्या असू. तिने चपला अजून काढलेल्या नाहीत.

ममता